आई-बापाखेरीज दोघं

परवा अंगणातल्या दोरीवर चिरंजीवांचा स्कार्फ वाळत घातला होता. शेजारच्या काकू विचारत होत्या, "हे काय, पोराला मिलिटरीत घातलं का?" म्हटलं, काकू, मिलिटरी नाही, स्काऊट. म्हणजे स्काऊटातले कब, छोटे. त्यांना काही फारसं पटलं नाही. पण त्या प्रश्नामुळे मला गेलं वर्ष-दीड वर्ष आठवलं, आणि बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो ते लिहायला बसलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आम्ही पुण्याहून परत कोल्हारला आलो. आमचं गाव नगर-मनमाड रस्त्यावर, प्रवरेच्या काठी. नदीच्या अलीकडे कोल्हार बुद्रुक, पलीकडे कोल्हार खुर्द. शिर्डीला जाताना तुमच्यापैकी पुष्कळांनी आमचा पूल ओलांडला असेल, भगवतीमातेच्या देवळाला हातही जोडले असतील. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण अण्णांच्या तोंडी अजून 'नगर'च. अण्णांचं वय झालं, घर मोठं, माणसं थोडी, म्हणून आम्ही आलो. चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे.

आमचा मुलगा बोलताना अडखळतो. लहानपणापासून. 'व' आणि 'प' ही त्याची खास शत्रू अक्षरं. घरात कुणी त्याचं वाक्य पूर्ण करत नाही, तेवढा एक नियम आम्ही पाळतो. पण बाहेर सगळेच घाईत असतात. पुण्यात असताना आम्ही त्याला एका पथकात घालायला नेलं होतं. तिथल्या बाई वाईट नव्हत्या हो, आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू. दीक्षाविधीला वचन सगळ्यांसमोर म्हणावं लागतं ना, त्याचीच पंचाईत होईल." त्याचीच पंचाईत! पोरगं घरी येईपर्यंत गप्प होतं. रात्री झोपताना विचारलं, "बाबा, वचन लिहून दिलं तर चालत नाही का?"

मला उत्तर आलं नाही.

कोल्हारला आल्यावर अण्णांनी नातवाला रोज रात्री मोगलीच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. किपलिंगचं 'जंगल बुक' १८९४ सालचं. आमच्या पिढीला मोगली रविवारी सकाळी टीव्हीवर भेटला, अण्णांना पुस्तकात. त्यात एक प्रसंग आहे. लांडग्यांची सभा भरते, म्होरक्या अकेला शिळेवर बसलेला असतो, आणि माणसाचं हे पिल्लू कळपात घ्यायचं की नाही यावर वाद होतो. कळपाचा कायदा असा की वाद झाला तर त्या पिल्लाच्या बाजूनं आई-बापाखेरीज आणखी दोघांनी बोललं पाहिजे. मग बल्लू अस्वल बोलतो. बघीरा कळपातला नसतो, तरी तो बोलतो आणि वर एक मारलेला बैल देऊ करतो. मोगली कळपात येतो.

ती गोष्ट ऐकताना मी दाराशी उभा होतो आणि मला पुण्याच्या त्या बाई आठवल्या. आम्ही आई-बाप तर बोललोच होतो. पण आई-बापाच्या बोलण्याला किंमत नसते, ते बोलणारच. बाकीचे दोघं कुठून आणायचे?

तुम्ही म्हणाल याचा आणि स्काऊटचा काय संबंध? थेट संबंध आहे. स्काऊटात लहान मुलांची शाखा निघाली तेव्हा, १९१६ साली, बेडन-पॉवेलनं किपलिंगच्या परवानगीनं हीच गोष्ट पायाला घेतली. म्हणून लहान मुलं 'कब', म्हणजे लांडग्याची पिल्लं, आणि त्यांचे प्रमुख 'अकेला'. जगभरची पोरं ज्याला अकेला म्हणतात ते नाव आपलं आहे. गोष्टीतलं जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारचं. लेखकाचा जन्म मुंबईचा, १८६५ चा.

आणि गंमत पाहा (गंमत म्हणावं की काय कोण जाणे), ज्या देशातल्या जंगलाची ही गोष्ट, त्या देशातल्या मुलांना तोवर सरकारमान्य स्काऊटाचं दार बंदच होतं.

मग मी वाचायला लागलो. जे हाती लागलं ते असं.

बेडन-पॉवेल हा इंग्रज लष्करी अधिकारी. १८७६ साली तो पहिल्यांदा नोकरीवर रुजू झाला तो लखनौला. पुढे दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगच्या वेढ्यात (१८९९-१९००) त्याचं नाव झालं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यानं इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं एक शिबिर घेतलं. स्काऊटची सुरुवात तिथली. मला त्या शिबिरातला एक तपशील फार आवडला. काही मुलं ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली, काही साध्या कामकरी घरांतली. फी दोन प्रकारची होती. श्रीमंत घरच्या मुलाला एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. पौंडात वीस शिलिंग, म्हणजे हिशेब करा. आणि तंबूत मात्र सगळी एकत्र. म्हणजे दार सगळ्यांना उघडं ठेवायचं तर नुसतं 'या' म्हणून भागत नाही, उंबरठा थोडा खाली आणावा लागतो, हे त्या माणसाला पहिल्या दिवशी कळलेलं होतं.

पण हीच चळवळ बोटीत बसून इकडे आली आणि उंबरठा वर गेला.

१९०९ मध्ये कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळुरूला भारतातलं पहिलं पथक काढलं. १९१० आणि १९११ मध्ये आणखी पथकं निघाली, त्यात जबलपूर, सिमला, मद्रास यांच्याबरोबर आपली दोन गावं आहेत, खडकी आणि लोणावळा. मी पुण्यात असताना खडकीवरून कितीदा गेलो असेन! तर खडकी आणि लोणावळ्याच्या त्या पथकांत मुलं होती ती युरोपियन आणि अँग्लो-इंडियन. हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. सरकारला धास्ती होती की या पोरांना माग काढायला, खुणा ओळखायला, रानात राहायला शिकवलं तर उद्या हीच क्रांतिकारक होतील. स्काऊटाच्या नियमांत एक नियम आहे, स्काऊट हा सगळ्यांचा मित्र आणि प्रत्येक स्काऊटाचा भाऊ. पण भाऊ व्हायला आधी स्काऊट व्हावं लागतं, आणि तिथेच तर अडवलं होतं.

मग या पिल्लांच्या बाजूनं कोण बोललं?

१९१३ च्या सुमारास काही माणसं उभी राहिली. त्यांत व्हिव्हियन बोस होते, जे पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे आणि मग सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल होते. त्यांनी १९१६ साली मद्रासला हिंदी मुलांची वेगळी संघटनाच काढली, तिथली मुलं हॅटऐवजी फेटा बांधत. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी होते. त्यांची सेवा समिती स्काऊट संघटना १९१८ मध्ये अलाहाबादेत सुरू झाली. कुंभमेळ्यात यात्रेकरूंना मदत करणाऱ्या सेवा समितीची ही शाखा. म्हणजे दार उघडेना तेव्हा या लोकांनी शेजारी दुसरं घर बांधलं आणि आपली पोरं आत घेतली.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आला तेव्हा बहुतेक संघटना एक झाल्या आणि हिंदी मुलांना अधिकृत प्रवेश मिळाला. सेवा समिती मात्र बाहेर राहिली. कारण? वचन. वचनात देवाबरोबर इंग्लंडच्या राजाशीही निष्ठा होती, आणि ते शब्द त्यांच्या तोंडून निघेनात.

इथे मी वाचता वाचता थांबलो. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठी शहाणी माणसं वचनाच्या एका शब्दाशी अडखळली होती! आणि कुणी त्यांना 'तुमचीच पंचाईत होईल' म्हटलं असेल तर त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी वचन बदललं.

पुढची गोष्ट आणखी मजेची, आणि संतापाचीही. १९३७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी झाली. बेडन-पॉवेल ऐंशी वर्षांचा झाला होता, तोही आला. त्यानंतर त्याचं असं काही वक्तव्य प्रसिद्ध झालं की भारतीय भाषांत 'ऑनर' या अर्थाचा शब्दच नाही. वचनाची सुरुवातच 'ऑन माय ऑनर' अशी असते, म्हणजे ज्यांच्याकडे शब्द नाही ती मुलं वचन काय पाळणार, असा त्याचा अर्थ घेतला गेला. देशभर लोक भडकले. पुष्कळांनी जुनी संघटना सोडली आणि १९३८ मध्ये सेवा समिती वगैरे मिळून हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. तिच्यात मुलं-मुली दोघंही होती.

हे मी जेवताना अण्णांना सांगितलं. अण्णांचा घास हातातच राहिला. "शब्द नाही? अरे, अब्रू आहे, इभ्रत आहे, इमान आहे, मान आहे, लाज आहे, शील आहे, पत आहे... आणि नुसतं 'शब्द दिला' म्हटलं तरी इथं माणूस जमीन सोडून द्यायचा!" मग आईकडे वळून म्हणाले, "आणखी वाढ जरा भात." ऐंशी वर्षं उशिरा का होईना, कोल्हारातून निषेध नोंदवला गेला.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही संघटना एकत्र आणायचं ठरलं. पंडित नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा या मंडळींचा त्यात पुढाकार होता. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' स्थापन झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सची संघटनाही त्यात आली. राजा गेला, त्या जागी देश आला. आणि वचनात आणखी एक सोय ठेवली, ज्याला 'ईश्वर' म्हणायचं नसेल त्यानं 'धर्म' म्हणावं. एवढी मोठी संघटना, एवढी भांडणं, आणि शेवटी नियमपुस्तकात लिहिलं काय, तर ज्याला एक शब्द अडतो त्याला दुसरा शब्द घेऊ द्या. मला तर ही ओळ पदकांच्या यादीपेक्षा मोठी वाटते.

मुलींचीही अशीच कथा. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ स्काऊटांचा मेळावा भरला, तिथं काही मुली न बोलावता आल्या आणि 'आम्ही पण स्काऊट' म्हणाल्या. त्यातून दुसऱ्या वर्षी गर्ल गाईड्स निघाल्या. भारतातली पहिली तुकडी जबलपूरला, १९११ मध्ये. आणि पुण्याच्या लोकांनो, आळंदी रस्त्यावरचं 'संगम' हे गाईडांच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक आहे. १९६६ मध्ये लेडी बेडन-पॉवेलच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ताईच्या लेकीला एकदा तरी दाखवून आणा, तिला गाईडमध्ये जायचंच आहे.

आता अण्णांची गोष्ट. ही त्यांनी मला पन्नाशीला टेकल्यावर सांगितली, इतकी वर्षं पोटात ठेवली.

अण्णा १९५०च्या दशकाच्या अखेरीस नगरला बोर्डिंगात शिकायला होते. तेव्हा 'बालवीर' म्हणत. शाळेत बालवीर पथक होतं, खाकी गणवेश, स्कार्फ, काठी. आजोबांकडे गणवेशापुरते पैसे नव्हते. गणवेश नसलेली तीन-चार पोरं संचलनाच्या वेळी भिंतीकडेला उभी करायचे. अण्णा म्हणतात, "कुणी मारलं नाही की हाकललं नाही. नुसतं बाजूला उभं केलं. पण त्या भिंतीचा चुना अजून पाठीला लागलाय."

मग एक नवीन सर आले. त्यांनी 'खरी कमाई' काढली. महाराष्ट्रात स्काऊट केलेल्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक असेल. मुलांनी दारोदार जाऊन वर्गणी मागायची नाही, काम करायचं आणि मोबदला घ्यायचा. इंग्लंडमध्येही स्काऊटांचा असा उपक्रम १९४९ पासून होता, एका शिलिंगाला एक काम. अण्णांनी बुटांना पॉलिश केलं, कुणाच्या बागेला पाणी घातलं, कुणाचं सामान उचललं. महिन्याभरानं चार गणवेश शिवले गेले. पण अण्णा सांगतात ती गोष्ट याहून वेगळी आहे. त्या सरांनी ज्यांच्याकडे गणवेश होते त्यांनाही कामाला लावलं. वकिलाचा मुलगा अण्णांच्या शेजारी बसून पॉलिश करत होता. "आमच्यासाठी गोळा केलं असतं तर ती भीक झाली असती," अण्णा म्हणतात. "सगळ्यांनी मिळून केलं म्हणून कमाई झाली."

हल्ली शाळाशाळांत खरी कमाईचा आनंदमेळावा असतो, भेळ आणि सरबताचे ठेले लागतात, आया घरून सगळं करून देतात. असो. तो वेगळा विषय.

तर आता मुद्द्याची गोष्ट, कारण दोघा-तिघांनी विचारलं होतं की मुलासाठी पथक शोधायचं कसं. आपल्याकडे स्काऊट-गाईड मुख्यतः शाळेतून चालतं. शाळेत पथक असेल तर उत्तम, पण ते चालतं की कागदावर आहे ते बघा. महिन्यात किती सभा झाल्या ते शिक्षकांना नको, मुलांना विचारा. शाळेत नसेल तर शाळेबाहेरची खुली पथकंही असतात. जिल्ह्याला स्काऊटचे आणि गाईडचे संघटक असतात, त्यांच्या कार्यालयात विचारलं की माहिती मिळते. पथकाला शिक्षण घेतलेला प्रमुख असावा लागतो. लहानांच्या कबमध्ये सहा-सहा मुलांची षटकं असतात, स्काऊटात सहा ते आठ जणांचे संघ. प्रत्येक मुलाला ओळखता यावं म्हणूनच ही संख्या लहान ठेवलेली आहे. पन्नास पोरं एका रांगेत आणि शिट्टीवाला एक, असं दिसलं तर ते संचलन आहे, कब नाही.

आणि पदकं, पुरस्कार यांच्या तसबिरी भिंतीवर असतील तर जरूर बघा, पण त्याआधी भिंतीकडेला कोणी उभं आहे का ते बघा. हे अण्णांचं वाक्य, माझं नव्हे.

आम्हाला काय मिळालं ते सांगतो. आमच्या आळीपलीकडे एक निवृत्त गुरुजी राहतात. नाव लिहित नाही, त्यांना आवडणार नाही. ते दोन-तीन शाळांतली मिळून अठरा पोरं जमवतात, शनिवारी संध्याकाळी. पोरं त्यांना 'अकेला गुरुजी' म्हणतात. मी मुलाला घेऊन गेलो आणि सगळं आधीच सांगून टाकलं, अडखळतो, वेळ लागतो, पुण्यात असं झालं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तुम्ही आता घरी जा. पोराशी मी बोलतो." मी रस्त्यापर्यंत गेलो आणि वडाच्या झाडामागं उभा राहिलो. कोणता बाप घरी जाईल?

तीन महिने प्रवेशाची तयारी चालली. गाठी, प्रथमोपचार, रोजचं एक सत्कृत्य. नवरात्रात देवळाच्या रांगेत पाणी द्यायचं काम होतं. तिथं आमच्या पोराला बोलावं लागत नव्हतं, फक्त पेला पुढं करायचा. दुसऱ्या दिवशी मात्र तो रांगेतल्या आजींना "घ्या" म्हणत होता. 'घ' त्याला जमतो.

दीक्षाविधीच्या आदल्या शनिवारी तो घरी आला तो तोंड पाडून. 'वचन' हाच शब्द निघत नव्हता. मी रात्रभर जागा. सकाळी गुरुजींकडे गेलो आणि म्हटलं, यंदा राहू द्या का? अहो, खरंच म्हटलं मी असं! पुण्याच्या बाईंचं वाक्य माझ्याच तोंडून निघालं.

गुरुजी म्हणाले, "दोन मिनिटं लागतील तर दोन लागतील. पाच लागतील तर पाच. आम्हाला कुठं गाडी पकडायचीय?"

विधीच्या दिवशी झेंड्याजवळ एकेक मूल पुढे जात होतं. आमचा गेला. हात खुणेसाठी वर केला, आणि 'व'वर गाडी थांबली. मी घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात त्याच्या षटकाचा नायक, गॅरेजवाल्याचा नऊ वर्षांचा पोरगा, म्हणाला, "गुरुजी, मी याच्यासंगं परत म्हणू का?" गुरुजींनी मान हलवली. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघांनी मिळून पहिल्यापासून सुरुवात केली. अडखळणाऱ्या माणसाला दुसऱ्याबरोबर एका सुरात म्हणताना पुष्कळदा अडत नाही, हे मला डॉक्टरांनी कधीतरी सांगितलं होतं. त्या पोराला कुणी सांगितलं असेल कोण जाणे! बहुतेक कुणीच नाही.

सगळं वचन झालं. एका शब्दाला आमचा जरासा थांबला, तर तोही थांबला.

अण्णा खुर्चीवर बसले होते. त्यांनी काही न बोलता माझ्यापुढे दोन बोटं धरली. मला आधी कळेना. मग कळलं, ते मोजत होते. गुरुजी एक, आणि तो पोरगा दुसरा.

स्कार्फ वाळलाय, घडी करून ठेवतो. शनिवार आहे उद्या. तुमच्यापैकी कोणी बालवीर, वीरबाला असाल, खरी कमाईत बूट घासले असतील, तर कळवा. अण्णांना वाचून दाखवीन.